छोट्या प्रादेशिक प्रकाशकाच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती कशी ओळखावी

मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या पहिल्या आवृत्त्या ओळखणे तुलनेने सोपे असते, कारण त्यांच्या खुणांची नोंद संग्राहकांनी आणि ग्रंथविक्रेत्यांनी पूर्वीच करून ठेवलेली आहे. न्यूयॉर्कच्या हार्पर या संस्थेने १९१२ पासून छपाईचा महिना आणि वर्ष दर्शवणारी दोन अक्षरे पुस्तकात छापण्यास सुरुवात केली, तर त्याच शहरातील स्क्रिब्नर्स या संस्थेने १९३० च्या सुमारास पहिल्या छपाईसाठी ‘ए’ हे अक्षर वापरात आणले. ही माहिती हस्तपुस्तिकांत मिळते आणि ती हाताशी असली की बहुतेक वेळा निर्णय लवकर होतो. एखाद्या लहान शहरातून त्या प्रांताचा इतिहास, तिथली बोली आणि तिथले लेखक एवढ्याच विषयांची वर्षाला चार-सहा पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकाबाबत मात्र अशी हस्तपुस्तिका बहुधा कोणी लिहिलेली नसते, आणि मोठ्या संस्थांचे नियम त्याला लावले तर उत्तर चुकण्याचीच शक्यता अधिक असते.

याचे कारण त्या व्यवसायाच्या स्वरूपात आहे. छोटा प्रकाशक अनेकदा स्वतःच संपादक, हिशेबनीस आणि विक्रेता असतो. छपाई तो बाहेर करून घेतो आणि दर बरा मिळाला की छापखाना बदलतो. पहिल्या छपाईवर ‘पहिली आवृत्ती’ असे छापण्याची त्याला गरज वाटत नाही, कारण दुसरी निघेल याची त्याला खात्री नसते. आणि दुसरी निघालीच, तर जुनी पाने जशीच्या तशी छापून तो मोकळा होतो. छापलेले सगळे फर्मे, म्हणजे घडी घालून पुस्तकात बांधायचे छापील कागद, एकदम बांधून घेण्याइतके पैसे त्याच्याजवळ नसतात, म्हणून एकाच छपाईच्या प्रती काही वर्षांच्या अंतराने वेगवेगळ्या कापडात बांधल्या जातात. म्हणून अशा प्रकाशकाच्या बाबतीत एका पुस्तकाकडे पाहून निर्णय देता येत नाही. आधी त्या प्रकाशकाच्या सवयी समजून घ्याव्या लागतात आणि मग त्यांच्या उजेडात ते पुस्तक वाचावे लागते. पुढील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

शोध नेमका कशाचा आहे, ते आधी ठरवा

‘पहिली आवृत्ती’ हा शब्दप्रयोग सैलपणे केला जातो, म्हणून चार गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एकाच अक्षरजुळणीतून, म्हणजे मजकुरासाठी एकदा जुळवलेल्या अक्षरांतून, छापलेल्या सर्व प्रती मिळून एक आवृत्ती होते, मग त्या कितीही वेळा छापलेल्या असोत. फ्रेडसन बावर्स यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथवर्णनशास्त्रावरील पुस्तकात हीच भूमिका मांडली आहे आणि अभ्यासक आजही ती प्रमाण मानतात. त्या जुळणीतून एका वेळी छापलेल्या प्रतींचा गट म्हणजे एक छपाई. संग्राहक ‘पहिली आवृत्ती’ म्हणतो तेव्हा त्याला बहुधा पहिल्या आवृत्तीची पहिली छपाई अभिप्रेत असते. तिसरी गोष्ट म्हणजे त्याच छापील फर्म्यांना नवे शीर्षकपान किंवा नव्या प्रकाशकाचे नाव जोडून केलेली वेगळी विक्री, आणि चौथी म्हणजे छपाई चालू असताना एखादी चूक दुरुस्त झाल्याने किंवा एखादे पान बदलल्याने प्रतींमध्ये पडलेला फरक.

तिसऱ्या प्रकाराचे हेन्री डेव्हिड थोरो यांच्या पहिल्या पुस्तकाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. ‘अ वीक ऑन द काँकॉर्ड अँड मेरिमॅक रिव्हर्स’ हे पुस्तक १८४९ मध्ये जेम्स मनरो या बॉस्टनच्या प्रकाशकाने लेखकाच्या खर्चाने काढले. १,००० प्रती छापल्या होत्या. १८५३ मध्ये त्यांतील न खपलेल्या ७०६ प्रती लेखकाच्या घरी परत आल्या. पुढे १८६२ मध्ये टिकनर अँड फील्ड्स या संस्थेने हेच उरलेले फर्मे नवे शीर्षकपान लावून विकले. म्हणजे १८६२ हे वर्ष छापलेल्या प्रतीतील मजकुराची पाने १८४९ चीच आहेत. केवळ शीर्षकपानावरचे वर्ष पाहणारा वाचक या प्रतीला दुसरी आवृत्ती म्हणेल, तर केवळ आतील पाने पाहणारा तिला १८४९ च्या प्रतीच्या बरोबरीने ठेवेल. वास्तविक ती पहिल्या छपाईच्याच फर्म्यांची, पण नंतरच्या विक्रीची प्रत आहे आणि तसेच तिचे वर्णन व्हायला हवे. छोट्या प्रकाशकांच्या जगात असे वारंवार घडते, कारण न खपलेला साठा हीच त्यांची कायमची अडचण असते.

छोटा प्रकाशक आणि मोठा प्रकाशक यांच्यात क्रम कोणाचा, हाही प्रश्न इथेच मिटवावा. रवींद्रनाथ ठाकूर यांची इंग्रजी ‘गीतांजली’ बहुतेकांना मॅकमिलनच्या १९१३ च्या पुस्तकामुळे माहीत असते. परंतु त्याआधी १९१२ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने तिच्या ७५० प्रती काढल्या होत्या आणि त्यांतील केवळ २५० विक्रीसाठी होत्या. एखाद्या लेखकाचे पुस्तक मोठ्या संस्थेने काढलेले दिसले, तरी ते त्याआधी एखाद्या मंडळाने, नियतकालिकाने किंवा गावातील प्रकाशकाने छापले होते का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्याच प्रकाशकाची पुस्तके शेजारी ठेवा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. ज्या पुस्तकाबद्दल प्रश्न आहे त्याच्या मागच्या-पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच प्रकाशकाने काढलेली दहा-बारा पुस्तके तरी पाहायला हवीत. ती सगळी विकत घेण्याची गरज नाही. ग्रंथालयात बसून पाहिली आणि आवश्यक पानांची छायाचित्रे घेतली तरी काम भागते. शोधताना दोन प्रकारची पुस्तके मुद्दाम मिळवावीत. पहिला प्रकार म्हणजे पुन्हा कधीच छापली न गेलेली पुस्तके: त्यांची प्रत्येक प्रत पहिल्या छपाईचीच असल्यामुळे त्या काळात हा प्रकाशक पहिल्या छपाईवर काय छापत असे आणि काय छापत नसे, हे त्यांवरून निर्विवाद कळते. दुसरा प्रकार म्हणजे निश्चितपणे पुनर्मुद्रण असलेली पुस्तके: त्यांवर प्रकाशकाने ‘दुसरी छपाई’ असे नोंदवले आहे का, नोंदवले असल्यास कुठे, आणि पहिल्या छपाईचे वर्ष ठेवले की पुसले, हे पाहता येते. पुनर्मुद्रणाची नोंद हा प्रकाशक नेहमी करतो असे सिद्ध झाले, तर कोणतीही नोंद नसलेली प्रत पहिल्या छपाईची असण्याचा संभव बळावतो. तो नोंद करत नाही असे दिसले, तर मात्र कोऱ्या पानाला काहीही अर्थ उरत नाही.

पाहिलेल्या प्रत्येक प्रतीची नोंद एका तक्त्यात करावी. शीर्षकपानावरील वर्ष, त्याच्या मागील बाजूचा संपूर्ण मजकूर अक्षरशः, प्रकाशकाचा पत्ता, छापखान्याचे नाव, पृष्ठसंख्या, पानाची उंची मिलिमीटरमध्ये, बांधणीच्या कापडाचा रंग व पोत, कण्यावरील अक्षरांचा रंग, जॅकेटवरील (पुस्तकावर चढवलेल्या सुट्या कागदी वेष्टनावरील) किंमत आणि शेवटच्या पानांवरील जाहिराती, एवढे रकाने पुरेसे आहेत. मजकूर उतरवताना विरामचिन्हेही गाळू नयेत, कारण दोन छपायांमधील एकमेव फरक कधीकधी एका टिंबाचा असतो. हे काम कंटाळवाणे वाटेल. तरीही पंधरा-वीस ओळी भरल्या की प्रकाशकाचे पत्ते, छापखाने आणि शब्दयोजना यांचे टप्पे आपोआप दिसू लागतात, आणि पुढचा प्रत्येक निर्णय याच तक्त्यावर उभा राहतो.

शीर्षकपान आणि त्याची मागील बाजू

आता प्रश्नातील प्रत हातात घ्यावी. शीर्षकपानावर वर्ष असेल आणि ते मागील बाजूच्या हक्कनोंदीतील (कॉपीराइटच्या नोंदीतील) वर्षाशी जुळत असेल, तर ते चांगले लक्षण आहे, पण पुरावा नव्हे. हक्कनोंदीचे वर्ष हक्क केव्हा निर्माण झाला एवढेच सांगते. ही विशिष्ट प्रत केव्हा छापली, ते सांगत नाही. दोन वर्षे वेगळी असतील तर अधिक सावध व्हावे. वर्षअखेरीस छापलेल्या पुस्तकावर पुढचे वर्ष घालण्याची पद्धत सर्वत्र आढळते, त्यामुळे एका वर्षाचा फरक फारसा बोलका नसतो; चार-पाच वर्षांचा फरक मात्र बहुधा पुनर्मुद्रण दाखवतो.

त्याच बाजूला ‘१ २ ३ ४ ५’ अशी आकड्यांची ओळ असल्यास तिच्यातील सर्वांत लहान आकडा छपाईचा क्रम सांगतो, कारण प्रत्येक नव्या छपाईला आधीचा आकडा खरवडून काढला जातो. ओळ चढती आहे, उतरती आहे की मध्यापासून दोन्हीकडे पसरलेली आहे, याला महत्त्व नाही. रँडम हाउससारख्या मोठ्या संस्थेनेही अनेक वर्षे पहिल्या छपाईवर ‘फर्स्ट एडिशन’ असे शब्द आणि २ पासून सुरू होणारी ओळ अशी जोडी वापरली होती. तेव्हा छोट्या प्रकाशकाकडून शिस्तीची अपेक्षा करू नये. त्याच्याकडे आकडा काढायचा राहून जातो, किंवा ओळ नुसती मोठ्यांचे पाहून छापलेली असते. ओळीत १ आहे आणि तरीही पत्ता किंवा किंमत नंतरच्या काळातील आहे, असे दिसले तर पत्त्यावर आणि किंमतीवर अधिक विश्वास ठेवावा.

‘पहिली आवृत्ती’ हे शब्द छापलेले असले तरी ते पुढच्या छपायांत तसेच राहिलेले असू शकतात. छायाचित्रण पद्धतीने केलेल्या पुनर्मुद्रणात तर जुने पान जसेच्या तसे येते, म्हणजे मूळ वर्ष, मूळ छापखाना आणि मूळ किंमतसुद्धा. उलट बाजूनेही फसगत होते: फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीस पुस्तक खूप खपते आहे असे भासवण्यासाठी पहिल्याच छपाईच्या काही प्रतींवर ‘तिसरी आवृत्ती’, ‘पाचवी आवृत्ती’ असे छापले जाई. त्यामुळे आवृत्तीचा आकडा हे प्रकाशकाचे विधान समजावे आणि बाकी पुराव्याशी ते ताडून पाहावे.

देशोदेशींच्या पद्धतीही माहीत असाव्यात. फ्रेंच पुस्तकात छपाई पूर्ण झाल्याची तारीख अनेकदा अगदी शेवटच्या पानावर असते. जपानी पुस्तकातही शेवटी स्वतंत्र नोंदीचे पान असते आणि त्यावर आवृत्ती व छपाई यांचे क्रमांक तारखांसह दिलेले असतात. सोव्हिएत काळातील पुस्तकांत मजकूर जुळणीला दिल्याची आणि छपाईला मंजुरी मिळाल्याची तारीख, शिवाय प्रतींची संख्या छापलेली असे. जर्मन पुस्तकात कधी आवृत्तीऐवजी ‘पहिले ते पाचवे सहस्र’ अशी प्रतींची मोजणी दिसते. म्हणून नोंद शोधताना पुस्तकाचे शेवटचे पानही न चुकता उघडावे. जिथे वर्ष शके, विक्रम संवत, बंगाब्द किंवा हिजरी पद्धतीने दिलेले असते, तिथे ते इसवी सनात बदलताना दोन सनांची शक्यता धरावी लागते: शकात ७८ मिळवले तरी वर्षाचे शेवटचे अडीच-तीन महिने पुढच्या इसवी वर्षात पडतात, आणि हिजरी वर्ष चांद्र असल्याने सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते.

नकळत तारीख सांगणाऱ्या गोष्टी

प्रकाशकाने मुद्दाम केलेल्या नोंदीपेक्षा त्याच्या हातून सहज छापल्या गेलेल्या गोष्टींवर माझा अधिक विश्वास आहे, कारण वर्ष बदलायचे राहून गेले तरी नवा पत्ता घातल्याशिवाय धंदा चालत नाही. पत्त्यातील टपाल क्रमांक हे उत्तम साधन आहे. अमेरिकेत पाच अंकी झिप कोड १९६३ मध्ये आणि भारतात सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामुळे १९५८ चे म्हणवणाऱ्या भारतीय पुस्तकावर पिन कोड असेल, तर निदान ते पान तरी नंतर छापलेले आहे, याविषयी वाद उरत नाही. किंमतही तशीच बोलते. भारतात दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ रोजी आणि ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ रोजी आली. बदलाच्या सुमारास दोन्ही पद्धतींच्या किमती एकत्र छापलेल्या आढळतात, आणि अशी जोडकिंमत पुस्तकाचा काळ फार थोड्या वर्षांत बंदिस्त करते.

आंतरराष्ट्रीय मानक ग्रंथक्रमांक म्हणजे आयएसबीएन याविषयी एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. हा क्रमांक छपाईगणिक बदलत नाही. तोच क्रमांक पहिल्या छपाईवर असतो आणि दहाव्या छपाईवरही असतो. त्याचा उपयोग वेगळा आहे. ब्रिटनमध्ये १९६७ पासून नऊ अंकी क्रमांक वापरात आला, १९७० मध्ये दहा अंकी आंतरराष्ट्रीय मानक ठरले आणि १ जानेवारी २००७ पासून क्रमांक तेरा अंकी झाला. म्हणून १९९५ चे वर्ष दाखवणाऱ्या पुस्तकाच्या नोंदींच्या पानावर तेरा अंकी क्रमांक छापलेला असेल, तर ती छपाई जवळजवळ नक्कीच नंतरची आहे. छोट्या प्रकाशकाला दहा, शंभर किंवा हजार क्रमांकांचा एक संच मिळतो, त्यामुळे त्याच्या पुस्तकांचे क्रमांक ओळीने मांडले की पुस्तके कोणत्या क्रमाने निघाली याचा साधारण अंदाज येतो. क्रमांक आधी देऊन ठेवलेले पुस्तक मागाहून निघू शकते, म्हणून या क्रमाला अंदाजच मानावे. आणखी एक सावधगिरी अशी की जुन्या साठ्यावर नवा क्रमांक किंवा नवी किंमत चिकटपट्टीने लावलेली असू शकते. चिकटवलेली गोष्ट पुस्तकाची छपाई सांगत नाही, केवळ ती प्रत तोवर विकली गेली नव्हती एवढेच सांगते.

अमेरिकन पुस्तकांत लायब्ररी ऑफ काँग्रेसचा सूचिक्रमांक असल्यास २००० पर्यंतच्या क्रमांकांचे पहिले दोन अंक, काही अपवाद वगळता, वर्ष दाखवतात, आणि २००१ पासून पूर्ण चार अंकी वर्ष येते. हा क्रमांकही छपाईचा नव्हे, शीर्षकाचा असतो. लेखनपद्धतीतील सुधारणा हा याहून सूक्ष्म पुरावा आहे. रशियन लिपी १९१८ मध्ये बदलली, मराठीत १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, जर्मन लेखनात १९९६ ची सुधारणा आली. जुने लेखन नव्याने जुळवलेल्या मजकुरात क्वचितच टिकते, त्यामुळे मजकुरात जुने लेखन आणि प्रस्तावनेत नवे, अशी सरमिसळ आढळली तर प्रस्तावना मागाहून जोडलेली असण्याची शंका घ्यावी. ही शंकाच राहते, कारण कित्येक लेखक आणि प्रकाशक जुन्या पद्धतीला पुढे अनेक वर्षे धरून राहिले.

जाहिरातींच्या पानांवर वाचकाने अवश्य वेळ घालवावा. प्रकाशकाच्या ‘इतर पुस्तकां’च्या यादीतील सर्वांत अलीकडचे पुस्तक शोधावे: ते १९६६ मध्ये निघाले असेल आणि यादी त्याला ‘उपलब्ध’ म्हणत असेल, तर ही यादी १९६६ पूर्वीची नाही. ‘लवकरच येत आहे’ असे म्हटले असेल तर ती त्याआधीची आहे. लेखकाच्या ग्रंथसूचीलाही हाच न्याय लावावा. यादी ज्या पानावर आहे ते पान मूळ फर्म्याचा भाग आहे की वेगळे चिकटवलेले आहे, हे मात्र आधी पाहावे, कारण वेगळे चिकटवलेले पान केवळ बांधणीचा काळ सांगते. इथे एक नियम सर्वत्र लागू आहे: पुस्तकातील छापील खुणा ते कोणत्या काळाच्या आधीचे असू शकत नाही हे सांगतात, तर पहिल्या मालकाने सहीखाली घातलेली तारीख, ग्रंथालयाचा दाखल शिक्का किंवा परीक्षणासाठी पाठवल्याची चिठ्ठी ते कोणत्या काळाच्या नंतरचे असू शकत नाही हे सांगते. दोन्ही बाजूंनी मर्यादा आखत आणल्या की मधले अंतर कमी होत जाते.

कागद, छपाई आणि बांधणी

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत अक्षर कागदात दाबले जाते. पान प्रकाशाकडे तिरके धरले किंवा त्याच्या मागील बाजूवरून बोट फिरवले की तो दाब जाणवतो. ऑफसेटवर, म्हणजे रबरी आवरणावरून शाई कागदावर उतरवणाऱ्या यंत्रावर, छापलेले पान सपाट असते. मूळ पुस्तक खिळ्यांवर छापलेले आहे हे दुसऱ्या प्रतीवरून ठाऊक असताना समोरच्या प्रतीचे पान सपाट लागले, अक्षरे किंचित जाड व कडांना भरलेली दिसली आणि तुटलेली अक्षरे मात्र अगदी त्याच जागी तुटलेली आढळली, तर ती छायाचित्रण पद्धतीने केलेली नंतरची छपाई आहे. भिंगातून चित्रे पाहिली तर जुन्या छायाचित्रांतील ठिपक्यांवर पुन्हा ठिपके पडून जाळीदार नक्षी झालेली दिसते. तीही पुनर्मुद्रणाची खूण आहे.

एकाच जुळणीच्या दोन छपायांमध्ये फरक करायचा असेल तर अक्षरांची झीज पाहावी. दोन्ही प्रतींतील तीच पाने शेजारी ठेवून ओळींचे शेवट, पृष्ठक्रमांक आणि काना-वेलांट्यांची टोके तपासावीत. एखादे अक्षर एका प्रतीत अखंड आणि दुसरीत तुटके असेल, तर तुटके नंतरचे, कारण झिजलेला खिळा बदलल्याशिवाय पूर्ववत होत नाही. मुद्रणदोषांबाबत मात्र घाई नको. चूक असलेली प्रत आधीची आणि दुरुस्त प्रत नंतरची हे बहुधा खरे असते, पण पुढच्या छपाईत नवी चूक शिरल्याचीही उदाहरणे आहेत. शुद्धिपत्र हा याहून बरा साक्षीदार आहे: चिकटवलेले शुद्धिपत्र असलेल्या प्रतीत त्या चुका मजकुरात असतात, तर दुसऱ्या छपाईत चुका दुरुस्त होऊन शुद्धिपत्र गळलेले असते.

कागदासाठी अतिनील किरणांचा छोटा दिवा उपयोगी पडतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी चमक देणारी द्रव्ये साधारण १९५० नंतर वापरात आली आणि ती त्या दिव्याखाली निळसर पांढरी झळकतात. १९३५ च्या म्हणवणाऱ्या पुस्तकाचे पान किंवा जॅकेट असे झळकले तर ते त्या काळातले नाही. न झळकल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण आजही पुष्कळ कागद या द्रव्यांशिवाय बनतो.

बांधणीतील फरकाला छपाईतील फरक समजण्याची चूक टाळावी. वॉल्ट व्हिटमन यांनी १८५५ मध्ये ब्रुकलिनच्या एका लहान छापखान्यात ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’च्या सुमारे ८०० प्रती स्वतः छापून घेतल्या. त्या एकदम बांधल्या गेल्या नाहीत. पहिल्या टप्प्यातील कापडी बांधणीवर सोनेरी नक्षी भरपूर आहे, नंतरच्या टप्प्यात ती कमी झाली आणि काही प्रती नुसत्या कागदी वेष्टनात गेल्या. छपाई एकच, बांधण्या अनेक. लेनर्ड आणि व्हर्जिनिया वूल्फ यांच्या हॉगार्थ प्रेसने १९१७ मध्ये हाताने छापलेल्या पहिल्या पुस्तिकेच्या प्रती साधारण १५० होत्या आणि त्यांच्या वेष्टनांचा कागदही एकसारखा नव्हता. जो मिळाला तो वापरला. छोट्या प्रकाशकाच्या पुस्तकाचे दोन रंगांचे कापड दिसले की ‘निळे आधीचे, तपकिरी नंतरचे’ असा निवाडा लगेच दिला जातो. त्याला आधार हवा, आणि तो आधार मालकाच्या तारखेसह केलेल्या सह्या, परीक्षणाच्या प्रती किंवा ग्रंथालयाचे दाखल शिक्के यांतून मिळू शकतो. सर्वांत आधीच्या तारखांच्या प्रती सातत्याने एकाच कापडात आढळल्या तरच क्रम मांडावा. सर्वसाधारण दिशा एवढीच सांगता येते की बांधणी काळाबरोबर स्वस्त होत जाते: सोनेरी अक्षरांच्या जागी काळी येतात, जाड पुठ्ठा पातळ होतो, दोऱ्याने शिवलेल्या फर्म्यांच्या जागी डिंकाने चिकटवलेली सुटी पाने येतात.

जॅकेट

जॅकेट पुस्तकापासून सुटे असल्यामुळे ते वेगळे तपासावे. पहिल्या छपाईच्या पुस्तकावर दुसऱ्या छपाईचे जॅकेट चढवलेले असणे अगदी साधी गोष्ट आहे, आणि ती नेहमीच फसवणुकीच्या हेतूने घडलेली असते असे नाही. फाटलेले जॅकेट बदलून देण्यासाठी विक्रेते जादा जॅकेटे ठेवत असत. मागील बाजूस वृत्तपत्रांचे अभिप्राय त्याच पुस्तकाविषयी असतील, तर ते जॅकेट प्रकाशनानंतरचे आहे, कारण अभिप्राय यायला पुस्तक आधी बाहेर पडावे लागते. अभिप्राय लेखकाच्या आधीच्या पुस्तकाविषयी असतील तर ते पहिल्या छपाईशी सुसंगत आहे. किमतीचा कोपरा कापलेला असेल तर मोठा पुरावा गेला असे समजून बाकीच्या खुणांवर विसंबावे. अमेरिकन वाचक-मंडळांसाठी, म्हणजे सभासदांना निवडक पुस्तके पुरवणाऱ्या संस्थांसाठी, काढलेल्या प्रतींवर अनेकदा किंमतच नसते, कागद हलका असतो आणि मागील पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात शाईशिवाय दाबलेली लहानशी खूण आढळते. छोट्या प्रकाशकाचे पुस्तक अशा मंडळाने निवडलेले असेल तर ही तपासणी विसरू नये.

पुस्तकाबाहेरील नोंदी

ज्या देशांत पुस्तकाची प्रत कायद्याने जमा करावी लागते, तिथे दाखल तारीख हाती लागू शकते. भारतात १८६७ च्या मुद्रणालय आणि ग्रंथनोंदणी कायद्यान्वये प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि स्थळ देणे बंधनकारक झाले, आणि प्रांतवार त्रैमासिक सूच्या तयार होऊ लागल्या. या सूच्यांत आवृत्तीचा क्रमांक, छापलेल्या प्रतींची संख्या, पृष्ठे, आकार, किंमत आणि प्रसिद्धीची तारीख असे रकाने असत. एखाद्या विस्मृत प्रकाशकाच्या पुस्तकाची इतकी नेमकी माहिती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही, म्हणून त्या सूच्यांसाठी जुन्या ग्रंथालयांत जाण्याचे कष्ट सार्थकी लागतात. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानंतर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा झालेल्या प्रतीही अशाच उपयोगी आहेत. अमेरिकेतील हक्कनोंदणीच्या छापील सूच्या १८९१ पासूनच्या आहेत, त्यांतील पुष्कळशा इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात आणि त्यांत प्रसिद्धीची तारीख दिलेली असते.

ग्रंथालयांच्या संगणकीय सूचीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सूचीकाराने हक्कनोंदीचे वर्ष प्रकाशनवर्ष म्हणून उतरवलेले असते आणि वेगवेगळ्या छपाया एकाच नोंदीखाली गेलेल्या असतात. चौकोनी कंसात दिलेले वर्ष हे सूचीकाराचे अनुमान असते. स्थानिक वृत्तपत्रांतील ‘साभार पोच’, परीक्षणे आणि प्रकाशकाच्या जाहिराती याहून अधिक विश्वसनीय, कारण त्या त्याच आठवड्यात छापलेल्या असतात. प्रकाशकाचे कुटुंब किंवा जुना छापखाना अजून असेल तर हिशेबाच्या वह्या आणि छपाईची बिले यांची विनंती करावी. कागदाचे बिल आणि बांधणीचे बिल वेगवेगळ्या तारखांचे मिळाले, तर किती प्रती केव्हा बांधल्या याचा थेट उलगडा होतो. अशा व्यक्तींच्या आठवणी आदराने लिहून घ्याव्यात, परंतु कागदाशी न जुळणारी आठवण तक्त्यात वेगळ्या रकान्यात ठेवावी.

निष्कर्ष कसा लिहावा

सर्व पुरावा गोळा झाल्यावर प्रतीचे वर्णन तीन दर्जांत करावे. पुनर्मुद्रण झालेच नव्हते, किंवा दोन्ही छपाया शेजारी ठेवून फरक पाहिला आहे, तेव्हा ‘पहिली छपाई’ असे निःशंकपणे लिहावे. प्रकाशकाच्या सवयी, पत्ता, किंमत आणि जाहिराती एकाच काळाकडे बोट दाखवतात, पण दुसरी छपाई प्रत्यक्ष पाहिलेली नाही, अशा वेळी ‘पहिल्या छपाईच्या सर्व ज्ञात खुणा असलेली प्रत’ असे लिहावे आणि त्या खुणा सांगाव्यात. केवळ वर्ष जुळते आणि बाकी काही हाती नाही, तेव्हा ‘वर्ष अमुक, छपाईचा क्रम अनिश्चित’ यापेक्षा एक शब्दही जास्त लिहू नये, विशेषतः ती प्रत विकायची असेल तेव्हा, कारण खरेदी करणारा त्या शब्दांवर विसंबून पैसे देतो.

वर्णनासोबत किती प्रती पाहिल्या, त्या कोणत्या ग्रंथालयातील किंवा कोणत्या प्रकारच्या संग्रहातील होत्या आणि नोंद कोणत्या तारखेची आहे, हे लिहून ठेवावे. पुढे वेगळ्या कापडातील किंवा वेगळ्या पत्त्याची प्रत सापडली, तर जुनी ओळ खोडू नये. नवी ओळ तिच्याखाली तारखेसह जोडावी, आणि तक्त्याची एक प्रत त्या प्रांताच्या ग्रंथालयाला द्यावी, म्हणजे त्या प्रकाशकाचे पुढचे पुस्तक हातात घेणाऱ्या माणसाला पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागणार नाही.